उत्तरपूजेनंतरची मूर्ती : विसर्जन, नगरपालिका आणि पूर्तधर्म

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घराघरांत आणि मंडपामंडपांत बसणाऱ्या गणेशमूर्तीचे विसर्जन कोणत्या पाण्यात करावे, हा प्रश्न महाराष्ट्रात गेली काही दशके नगरपालिकांच्या सभागृहांत, मंडळांच्या बैठकांत आणि अखेर उच्च न्यायालयातही वादाचा विषय झालेला आहे. या वादात एका बाजूला श्रद्धा आणि दुसऱ्या बाजूला पर्यावरण उभे आहे, आणि नगरपालिकेने बांधलेला विसर्जन हौद ही श्रद्धेने पर्यावरणाला दिलेली सवलत आहे, असे दोन्ही पक्ष बहुधा धरून चालतात. हौदाचा आग्रह धरणारे कार्यकर्ते आणि हौदाला विरोध करणाऱ्या संघटना यांचे या एका बाबतीत नकळत एकमत आहे, आणि म्हणूनच हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न वस्तुतः धर्मशास्त्राचा आहे : पूजा समाप्त झाल्यावर मूर्तीत देव असतो का, आणि नसेल तर मागे उरलेल्या मातीविषयी पूजकाचे काही कर्तव्य उरते का?

गणेशचतुर्थीची पूजा ही पार्थिव पूजा आहे, म्हणजे मातीच्या, मुळातच टिकण्यासाठी न घडवलेल्या मूर्तीची पूजा आहे. मूर्तिकाराकडून आणलेली मूर्ती प्राणप्रतिष्ठेपूर्वी केवळ आकार दिलेली माती असते. प्राणप्रतिष्ठेच्या मंत्रांनी तिच्यात देवतेचे सान्निध्य कल्पिले जाते, आणि त्यानंतर आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य यांपासून मंत्रपुष्पापर्यंतचे सोळा उपचार, म्हणजे षोडशोपचार, तिला अर्पण होतात. दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांनी, कुळाचाराप्रमाणे, उत्तरपूजा केली जाते. गंध, फुले, अक्षता, धूप, दीप आणि नैवेद्य एवढीच ही आटोपशीर पूजा असते. तिच्या शेवटी मूर्तीवर अक्षता वाहून देवतेने पूजा स्वीकारून स्वस्थानी जावे आणि पुढे पुन्हा यावे अशी प्रार्थना केली जाते, व मूर्ती जागेवरून किंचित हलवली जाते. हे हलवणे लहानसे दिसले तरी विधीच्या दृष्टीने निर्णायक आहे, कारण ज्या सान्निध्यासाठी मूर्ती आसनावर स्थिर केलेली होती ते सान्निध्य तेथे संपते. हातावर दही घालणे, शिदोरी बरोबर देणे, मिरवणूक काढणे, घाटावर पुन्हा आरती करणे हे सगळे यानंतरचे आहे, आणि त्यातले पुष्कळसे शास्त्राने सांगितलेले नसून घराघरांच्या मायेने निर्माण केलेले आहे.

ही व्यवस्था अधिक स्पष्ट होते ती तिच्या उलट उदाहरणांवरून. धर्मशास्त्रावरील निबंधग्रंथ, म्हणजे स्मृती आणि पुराणे यांतील वचने एकत्र करून आचाराचा निर्णय देणारे ग्रंथ, असे सांगतात की शाळिग्राम, बाणलिंग आणि देवळात कायम स्थापिलेली मूर्ती यांच्या पूजेत आवाहन नाही आणि विसर्जनही नाही, कारण तेथे देवता नित्य सन्निहित असते. जी आलेली नाही तिला निरोप कसा देणार? पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० मध्ये पूर्ण केलेला ‘धर्मसिंधु’ हा मराठी घरांत सर्वाधिक मानला गेलेला निबंधग्रंथ याच परंपरेतला आहे, आणि भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात देवपूजेची चर्चा करताना नित्य सान्निध्य आणि आवाहित सान्निध्य यांतील हा भेद नोंदवला आहे. पुण्यातील अनेक जुन्या मंडळांनी हा भेद आपल्या पद्धतीने अमलात आणलेला दिसतो : सजावटीतली मोठी मूर्ती वर्षानुवर्षे तीच असते, आणि तिच्यापुढची लहान ‘पूजेची मूर्ती’ तेवढी विसर्जित होते. कोकणात आणि देशावरील कित्येक घरांत ज्या खड्यांच्या गौरी बसतात, त्यांत तर मूर्तीही नसते. नदीकाठच्या किंवा पाणवठ्याच्या पाच-सात खड्यांना घरी आणून गौरी म्हणून पूजले जाते आणि तिसऱ्या दिवशी ते खडे पुन्हा पाण्यात सोडले जातात. जे पाण्यातून घेतले ते पाण्याला परत गेले, आणि पाण्यात नवे असे काहीच पडले नाही. विसर्जनाचे याहून शुद्ध रूप क्वचितच सापडेल.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा की विसर्जनात दोन क्रिया आहेत आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी घडतात. देवतेला निरोप देण्याची क्रिया घरात किंवा मंडपात, उत्तरपूजेच्या अक्षतांनी पूर्ण होते. पाण्याचा संबंध दुसऱ्या क्रियेशी, म्हणजे पूज्य ठरलेल्या मातीची आदराने विल्हेवाट लावण्याशी आहे. पूजा झालेली माती पायदळी येऊ नये, तिचा दुसऱ्या हलक्या कामासाठी वापर होऊ नये, तिने आपल्या मूळ स्थितीत विलीन व्हावे, एवढाच पाण्याचा हेतू. हे पाणी वाहतेच असले पाहिजे, असा जो आग्रह अलीकडे काही संघटना धरतात, त्याला आचाराचा आधार तोकडा आहे. नदी जवळ नसलेल्या मराठवाड्यातील आणि विदर्भातील गावांनी पिढ्यान्‌पिढ्या तळ्यांत आणि विहिरींत गणपती विसर्जित केले, आणि त्यांचे विसर्जन अपुरे राहिले असे कोणी म्हटले नाही. शिवाय कोणत्याही पूजेच्या प्रारंभी जे कलशपूजन होते, त्यात तांब्याभर पाण्यात गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी या सात नद्यांना बोलावले जाते. ज्या धर्माने तांब्यात सात नद्या मावतील असे मानले, त्याच्या अनुयायांना पंचवीस फुटांच्या हौदाचे पाणी तीर्थ म्हणून पुरू नये, हे विचित्रच म्हटले पाहिजे.

या साऱ्या विचारात एक गोष्ट गृहीत होती, आणि ती इतकी उघड होती की कोणत्याही ग्रंथकाराला ती लिहिण्याची गरज वाटली नाही : मूर्ती मातीची असेल आणि ती विरघळेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती सर्वत्र झाल्या तेव्हा हे गृहीतच मोडले. जिप्सम नावाचे खनिज सुमारे दीडशे अंशांपर्यंत तापवले की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते व प्लास्टरची भुकटी उरते; त्या भुकटीत पाणी मिसळून ते साच्यात ओतले की ती पाणी शोषून पुन्हा जिप्सम होते आणि घट्ट बसते. म्हणजे प्लास्टरची मूर्ती हा एक प्रकारचा दगडच असतो, आणि तो साध्या पाण्यात फार सावकाश, फार थोड्या प्रमाणात विरघळतो. शाडूची मूर्ती काही तासांत विरघळते, तर प्लास्टरची मूर्ती महिनोन्‌महिने तळाशी पडून राहते. तिच्यावरील चकचकीत रंगांत शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू असू शकतात. त्यांपैकी शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक आहे, आणि पारा गाळातून माशांत व माशांतून माणसांत पोचतो. अर्थात प्लास्टरच्या प्रसाराला केवळ बेफिकिरी कारण नव्हती. शाडू जड असते, वाळताना तडकते, तिची मोठी मूर्ती वाहून नेणे अवघड असते, आणि ती माती बहुतांशी गुजरातेतून आणावी लागते. उलट प्लास्टर हलके आणि स्वस्त, साच्यातून भराभर निघणारे. रायगड जिल्ह्यातील पेण आणि त्याच्या शेजारचे हमरापूर, जोहे ही गावे वर्षभर मूर्ती घडवून जगतात, आणि त्यांच्या अर्थकारणाचा मोठा भाग या साच्यांवर उभा आहे. पार्थिव पूजेत पार्थिव नसलेली मूर्ती आली, हा बदल मात्र कोणत्याही धर्मसभेत चर्चिला गेला नाही. हौदाविषयी जे आज इतक्या हिरिरीने बोलतात त्यांच्यापैकी फार थोड्यांनी त्या बदलाविषयी हरकत घेतली होती.

हरकत घेतली ती शासनयंत्रणेने, आणि तीही उशिरा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनासाठी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मे २०२० मध्ये त्या सुधारून प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी सुचवली. महाराष्ट्रात तिची अंमलबजावणी वर्षानुवर्षे लांबत गेली. जानेवारी २०२५ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने या सूचना काटेकोरपणे पाळण्याचे आदेश दिले. पुढे त्याच वर्षी जूनमध्ये न्यायालयाने मूर्तिकारांना प्लास्टरच्या मूर्ती घडवण्यास मुभा दिली, पण परवानगीवाचून त्यांचे नैसर्गिक जलाशयांत विसर्जन होऊ नये असे बजावले. आणि जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित व्हाव्यात, त्याहून उंच मूर्तींना त्या हंगामापुरती नैसर्गिक पाण्याची वाट मोकळी असावी, अशी तडजोड मान्य केली.

या कालावधीत जे घडले ते धर्मचिंतनाच्या दृष्टीने न्यायालयीन निकालांहून अधिक बोलके आहे. जानेवारीच्या आदेशानंतर लगेचच माघी गणेशजयंती आली, आणि मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील काही मंडळांच्या उंच प्लास्टरच्या मूर्ती समुद्रात नेण्यास मज्जाव झाला. कृत्रिम तलावात विसर्जन करण्यास ही मंडळे तयार नव्हती, म्हणून त्यांनी मूर्ती झाकून परत नेल्या, आणि त्या पुढे काही महिने तशाच ठेवल्या गेल्या. आता प्रश्न असा उभा राहतो की या महिन्यांत त्या मूर्तींची धार्मिक स्थिती काय होती? उत्तरपूजा झालेली असेल, तर देवता माघातच गेलेली होती आणि झाकून ठेवलेले ते केवळ प्लास्टर होते, ज्याला समुद्र किंवा तलाव यांपैकी कोणतेही पाणी सारखेच होते. उत्तरपूजा झालेली नसेल, तर देवता तेथे सन्निहित होती, आणि मग तिला रोजची पूजा व नैवेद्य मिळणे हे तिला समुद्र मिळण्याहून कितीतरी निकडीचे होते. प्रतिष्ठापित देवतेला कापडाखाली उपाशी ठेवणे हा दोष कोणत्याही निबंधकाराच्या मते हौदातील विसर्जनाहून मोठा ठरला असता. विसर्जनाच्या जागेचा आग्रह विधीच्या आशयापासून सुटला की तो कोठे जाऊन पोचतो, हे या प्रसंगातून दिसते. येथे समुद्र हा विधीचा भाग राहिला नव्हता, तो मंडळाच्या इभ्रतीचा भाग झाला होता.

तथापि या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो हलका नाही. निबंधग्रंथ काहीही म्हणोत, भक्ताच्या मनात देव अक्षता पडताच निघून जात नाही. तो मांडीवर बसून घाटापर्यंत येतो, शेवटच्या आरतीत असतो, आणि मूर्तीला तीन वेळा पाण्यात बुडवताना लहान मूल रडते ते मातीसाठी रडत नाही. धर्म म्हणजे ग्रंथ एवढेच नव्हे, लोकांनी त्यात भरलेला भावही धर्मच असतो, आणि या भावाला अज्ञान म्हणून झटकून टाकणे हे विद्वत्तेचे लक्षण नव्हे. आक्षेप मान्य केला तरी त्याचा परिणाम आक्षेप घेणाऱ्याला वाटतो त्याच्या उलट होतो. देव जर पाण्यापर्यंत मूर्तीत राहत असेल, तर अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी चौपाटीवर भरतीने परत आणून टाकलेले हात, सोंडा आणि मुकुट, आणि ते यंत्राने ढकलून गोळा करण्याचे दृश्य, हा त्या भावाचा केवढा अवमान आहे! शास्त्राच्या दृष्टीने त्या प्लास्टरमध्ये देव नाही, पण भावाच्या दृष्टीने आहे. म्हणून ज्याचा भर भावावर आहे त्याने तर मूर्ती पूर्ण विरघळेल, तिचा एकही अवयव उघडा पडणार नाही, अशा पाण्याचा आग्रह अधिकच धरायला हवा. दोन्ही वाटांनी गेले तरी विरघळणाऱ्या मूर्तीकडे आणि राखलेल्या पाण्याकडेच पोचावे लागते.

हे पाणी कोणी राखायचे, या प्रश्नापाशी धर्मशास्त्रातील एक जुनी, आज जवळजवळ विस्मृतीत गेलेली कल्पना उपयोगी पडते. पुण्यकर्माचे दोन वर्ग सांगितलेले आहेत : इष्ट म्हणजे यज्ञयागादी वैदिक कर्म, आणि पूर्त म्हणजे विहिरी, तळी व बारवा खोदणे, देवळे व धर्मशाळा बांधणे, अन्नदान करणे, झाडे लावणे. इष्टाचा अधिकार मर्यादित होता, पण पूर्त सर्व वर्णांना आणि स्त्रियांनाही खुले होते. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या त्या याच पूर्तधर्माच्या भावनेने. आजच्या भाषेत ज्याला नागरी सुविधा म्हणतात त्यातल्या पुष्कळशा गोष्टी पूर्वी पूर्तात मोडत, आणि त्या पुरवणे हे राजाचे, सावकाराचे किंवा गावाचे धर्मकार्य होते. या दृष्टीने पाहता गणेशोत्सवासाठी नगरपालिकेने बांधलेला हौद हा धर्माबाहेरून आलेला अडथळा ठरत नाही. तो करदात्यांच्या पैशाने सामुदायिकपणे केलेले पूर्त ठरतो. पुण्यात मानाच्या पाच गणपतींनी मुठेच्या प्रवाहाऐवजी घाटावरील हौद स्वीकारला तेव्हा त्यांनी काही सोडले नाही, एक जुना धर्म नव्या रूपात पत्करला. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टरची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवण्याची रीत काढली. तिच्यात मूर्तीचा कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडूसारखा साका होतो आणि वर उरलेले अमोनियम सल्फेटचे पाणी झाडांना खत म्हणून घालता येते. महापालिकेने हे रसायन नागरिकांना विनामूल्य वाटले, आणि बादलीत विसर्जन करणाऱ्या घरांची गणना या पूर्तात करण्यास कोणतीही हरकत दिसत नाही.

पाण्याला विष न देण्याचा नियमही बाहेरून आलेला नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाचे, म्हणजे अध्ययन पूर्ण करून गृहस्थ झालेल्या पुरुषाचे, आचार सांगताना पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त आणि विष टाकू नये असे स्पष्ट म्हटले आहे. मनुस्मृतीतील कितीतरी विधाने आज त्याज्य ठरलेली आहेत आणि ती तशीच ठरावीत. परंतु परंपरेचा हवाला देऊन पारायुक्त रंग नदीत सोडणाऱ्याने त्याच परंपरेतील हे वचन वाचलेले नसावे. येथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे की महाराष्ट्रातील नद्यांच्या दुर्दशेत मूर्तींचा वाटा सांडपाणी आणि कारखान्यांच्या पाण्यापुढे लहान आहे. २०१२ मध्ये पंचगंगेच्या काठच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती दूषित पिण्याच्या पाण्यामुळे, आणि ते पाणी बिघडले ते मैल्याने. गणपतींचा त्याच्याशी संबंध नव्हता. मंडळांचे कार्यकर्ते हा मुद्दा नेहमी काढतात आणि तो खरा आहे. मात्र तो नगरपालिकेला जाब विचारण्यासाठी वापरावयाचा मुद्दा आहे, स्वतःच्या सुटकेसाठी वापरावयाचा नाही. जी नगरपालिका भाविकांना हौद दाखवते आणि वर्षभर नाल्यांतून प्रक्रिया न केलेला मैला नदीत सोडते, तिच्या उपदेशाला नैतिक वजन कमीच असणार.

धर्माचार आरोग्यासाठी वाकू शकतो, याचा अनुभव महाराष्ट्राला फार जुना नाही. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, सार्वजनिक मूर्ती चार फुटांच्या आणि घरगुती मूर्ती दोन फुटांच्या आत ठेवण्याचे बंधन आले, विसर्जन घरीच करावे असे सांगितले गेले, आणि लालबागच्या मंडळाने तर त्या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव म्हणून रक्तदान व प्लाझ्मादानाची शिबिरे घेतली. धर्मशास्त्रात संकटकाळी नेहमीच्या आचारात करावयाच्या बदलाला आपद्धर्म म्हणतात. त्या वर्षी बहुसंख्य समाजाने तो कुरकुर न करता पाळला. गोव्यातील काही घराण्यांत आजही मूर्तीऐवजी कागदावरील चित्ररूप गणपतीची पूजा होते, आणि पोर्तुगीज अमदानीत मूर्तिपूजा उघडपणे करणे धोक्याचे होते तेव्हापासून ही रीत पडली असे परंपरा सांगते. ती आपत्ती संपून शतके लोटली तरी रीत टिकली, आणि तिला कोणी उणी पूजा म्हणत नाही.

हौदाच्या समर्थकांकडूनही एक चूक झाली आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने कोल्हापूर आणि अन्य ठिकाणी मूर्ती व निर्माल्य दान करण्याची मोहीम चालवली, ती उपयुक्त होती आणि पंचगंगेने तिचा लाभ अनुभवला. परंतु अनेक ठिकाणी गोळा झालेल्या मूर्ती कचऱ्याच्या गाड्यांतून नेल्या गेल्या, आणि त्या दृश्याने जेवढे विरोधक निर्माण केले तेवढे कोणत्याही प्रचाराने केले नसते. पूजेत वाहिलेली फुले, दूर्वा आणि एकवीस प्रकारची पत्री, म्हणजे निर्माल्य, ओलांडू नये असा संकेत आहे. त्याचे खत करण्यास या संकेताची हरकत नाही, कारण खत झालेले पान मातीतच जाते, पण ते ओल्या कचऱ्याच्या ढिगात फेकण्यास नक्कीच आहे. विल्हेवाटीतील आदर हा विधीचा शेवटचा उपचार आहे, आणि तो पार पाडणारे हात बहुतांशी महापालिकेच्या सफाई कामगारांचे असतात. रात्रभर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून हजारो मूर्ती स्वीकारणारा, आणि नंतर गाळ उपसणारा हा कामगार विसर्जनाच्या विधीत पुरोहिताइतकाच आवश्यक झाला आहे, पण दक्षिणा मात्र पुरोहितालाच मिळते. त्याला हातमोजे, बूट, पाळी ठरलेले काम आणि जादा वेळेचा मोबदला मिळतो की नाही, हा प्रश्न आजवर केवळ कामगार संघटनांचा मानला गेला. पूर्तधर्माच्या दृष्टीने तो उत्सव करणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. तेव्हा मंडळांनी आपल्या जमाखर्चात मंडप, रोषणाई आणि वाद्यपथक यांच्याबरोबर मूर्तीच्या विलयाचा खर्चही धरावा : शाडूची किंवा कागदाच्या लगद्याची मूर्ती, हौदाच्या बांधणीत व सफाईत वर्गणीतून वाटा, आणि विसर्जनाच्या रात्री घाटावर राबणाऱ्या कामगारांचे मानधन. नगरपालिकांनी, आपल्या परीने, मूर्ती वाहण्यासाठी कचऱ्याची गाडी वापरणे कायमचे बंद करावे आणि नदीत सोडला जाणारा मैला थांबवावा.